गायकवाड काकांच्या दोन हाका

गायकवाड काका गेले त्या सकाळी त्यांनी मला दोनदा हाक मारली होती.

आज वर्ष झालं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

काका आमच्या बिल्डिंगचे लिफ्ट मेकॅनिक. राहायला आमच्यासारखेच पुण्याच्या विश्रांतवाडीत. आले की "जय भीम, ताई" म्हणायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि लिफ्टबद्दल घरच्या म्हातारीसारखं बोलायचे. "कुरकुर करते, पण खोटं बोलत नाही. आवाज आला म्हणजे दुखतंय."

लिफ्टच्या टपावर चढून काम करायचं तर माणसं दोन लागतात. एक वर, एक खाली बटणापाशी.

वरचा विचारणार, "आहेस का?"
खालचा सांगणार, "आहे."

उत्तर आल्याशिवाय वरच्याने कशालाही हात लावायचा नाही. काका लिफ्टच्या कंपनीत परमनंट होते तेव्हा त्यांच्या युनियनने भांडून हे लेखी करून घेतलं होतं.

मग कंपनीने मेंटेनन्स कंत्राटदाराला देऊन टाकला. काकांना व्हीआरएस दिली, आणि पुढच्याच महिन्यात त्याच लिफ्टांवर कंत्राटदाराने त्यांना परत घेतलं. पगार निम्म्याहून कमी. दिवसाला चार लिफ्ट असायच्या, त्या अकरा झाल्या.

आणि खाली उभा राहणारा जोडीदार गेला.

"मग युनियन काय करते?" मी एकदा विचारलं.

"चिंचवडला ऑफिस होतं ना. तिथे आता मोमो मिळतात. बरे असतात म्हणे."

"आमच्या हिंजवडीच्या आयटीत युनियन नसतेच काका. अप्रेझल असतं."

"अस्सं. मग तुम्ही वर चढलात की खाली कोण उभं राहतं?"

मी हसले. ते हसले नाहीत.

आता जरा माझ्याबद्दल. सोसायटीच्या कमिटीत मी आहे. कंत्राटदाराने दोन प्लॅन दिले होते. महागात दोन माणसं येणार, स्वस्तात एक. एक्सेल शीट मी बनवली होती, रंगबिंग भरून. स्वस्त प्लॅनला पहिला हात माझा वर गेला. आणि मी राहते तळमजल्यावर. लिफ्ट वापरतसुद्धा नाही.

माझा फ्लॅट लिफ्टला लागून, म्हणून काका मलाच हाक मारायला लागले. "ताई, आहात का?" मी गॅस बारीक करून बाहेर यायची, बटणापाशी उभी राहायची आणि ओरडायची, "आहे, काका."

मला ते फार गोड वाटायचं. एका माणसाचा जीव आपल्या त्या एका शब्दावर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यांनी सांगितलं होतं खरं तर. "टपावरचं स्विच चिकटतंय ताई. बंद केलं तरी खालून कुणी बटण दाबलं की ही निघते. पार्ट मागितलाय."

तो पार्ट तीन महिने येत होता. अ‍ॅपवर तक्रार टाकली की दहा मिनिटांत मेसेज यायचा, आपली तक्रार निकाली काढली आहे. फोन केला तर दरवेळी नवीन मुलगी, दरवेळी पहिल्यापासून पाढा. तिला बिचारीला लिफ्ट कुठल्या शहरात आहे तेही माहीत नसायचं.

त्या आठवड्यात लिफ्ट दोनदा अडकली. मी चिडून कंत्राटदाराला मेल लिहिली. कडक. चार साहेबांना सीसी.

झालं. काकांना खराडीचं काम अर्धवट टाकून आमच्याकडे पिटाळलं.

अकराला घरूनच माझा क्लायंट कॉल. स्क्रीन मीच शेअर केलेली.

"ताई, आहात का?"

ऐकलं मी. मनात म्हटलं, दोन मिनिटं थांबा.

"ताई?"

म्यूट करून ओ द्यायला एक सेकंद लागतो. मी पुढची स्लाइड घेतली.

काका थोडे थांबले असतील. पण त्यांच्या अजून सहा लिफ्ट बाकी होत्या.

पाचव्या मजल्यावरच्या आजींची औषधं घेऊन डिलिव्हरीवाला आला. त्यालाही घाई. बटणापाशी कुणी नव्हतं. त्याने दाबलं.

त्यानंतरचं मी लिहिणार नाही.

कंत्राटदाराचा माणूस चौकशीला आला. "मॅडम, त्यांनी आवाज वगैरे दिला होता का?"

"मी कॉलवर होते," मी म्हटलं.

त्याने रिपोर्टमध्ये लिहिलं, मेकॅनिकने सूचना न देता काम सुरू केलं, स्वतःचा निष्काळजीपणा. त्या एका ओळीवर काकूंचा भरपाईचा अर्ज परत आला.

परवा काकू रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं ते हाक दिल्याशिवाय कधी चढले नाहीत हो. त्या दिवशीच कसे विसरले?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आज सकाळी नवा मेकॅनिक आला होता. एकटाच. हाक नाही, काही नाही, सरळ टपावर. मी धावत जाऊन बटणापाशी उभी राहिले आणि ओरडले, "आहे मी खाली."

वरून आवाज आला, "काय पाहिजे मॅडम?"

त्याला कुणी शिकवलेलंच नाही. स्विच अजून तेच आहे. आणि गेल्या महिन्यात माझ्या टीममधली निम्मी माणसं काढली, त्यांचं काम माझ्याकडे आलंय. खाली कोण उभं राहतं, हा काकांचा प्रश्न आताशा रोज आठवतो.

संध्याकाळी काकांच्या घरी स्मृतिदिनाला गेले. बुद्धवंदना झाली. मग काकूंच्या हातात मी सही केलेला कागद दिला. त्यात लिहिलंय, काकांनी हाक दिली होती. दोनदा. मी ऐकली होती. ओ दिली नाही.

काकूंनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे विसरले नव्हते," म्हणाल्या.

कागदाची घडी घालून त्यांनी ती काकांच्या फोटोपाशी ठेवली.

इथेही लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या मला मागे फिरता येणार नाही. कंत्राटदाराकडे, कोर्टात, जिथे बोलावतील तिथे हेच सांगेन.

जय भीम, काका.

आहे मी खाली.