अंजनावरच्या रेघा

"भाऊ, नाना गयात." भटूचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "दहावं व्हयनं का या. आनि... टेप लई या."

माणूस गेल्यावर मोजायची टेप कशाला? पण मला ते विचारायची गरज नव्हती. शेतात राखलेल्या झाडांनी शेतकऱ्याचा फायदा होतो की तोटा, हे मोजण्याची माझी नोकरी. झाडाचा घेर घ्यायचा, सावलीतली आणि उघड्यावरची बाजरी वेगवेगळी तोलायची, माती उकरून ओल बघायची. साक्रीपलीकडे दगा नानांच्या शेतात अंजनाचं एक जुनं झाड आहे. नानांचा त्यात जीव, तर त्यांच्या मुलाला, भटूला, ते ट्रॅक्टर वळवताना आडवं यायचं. शेवटी बापलेकांत ठरलं : नाना आहेत तोवर झाडाला हात लावायचा नाही, पुढे माझं मोजमाप बघून काय ते. म्हणजे निवाडा कुणाच्या हाती, तर पहिल्याच फेरीला उंचीची खूण केलेली काठी साक्रीच्या बसमध्ये विसरून आलेल्या माणसाच्या!

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो. काठीवाचून मी डोकं खाजवत उभा होतो, तर नाना अंजनाला पाठ लावून ताठ उभे राहिले. "काठी काय करानी? मी शे ना!" त्यांच्या कोपरीचा खिसा बरोबर त्या उंचीला आला आणि मग तेच रूढ झालं. दरवर्षी बाजरी निघाली की नाना पाठ लावायचे, मी खिशाच्या पातळीला खोडावर बोट टेकवायचो, ते बाजूला होऊन जवसाच्या तेलात कालवलेल्या गेरूने तिथे रेघ ओढायचे. सुरुवातीला अंगठा दाबून एक जाड ठिपका, मग रेघ. ती पावसाला दाद द्यायची नाही.

अंजन फार सावकाश वाढणारं झाड, पण आमचं भराभर जाड होत होतं. ऑफिसात साहेब विचारायचे, "अंजनच आहे ना हो? की निलगिरी?" आणि मी कॉलर ताठ करायचो. नानांना मात्र एक शंका होती. "भाऊ, मांगली रेघ वर कशी गयी?"

"झाड उंच होतं नाना, रेघही वर जाते." मी, शेतकीचा पदवीधर, शास्त्र सांगत होतो!

नानांनी जुन्या रेघेवरून बोट फिरवलं. मग हसले. "मंग बरं शे."

दहाव्यानंतर भर दुपारी मी आणि भटू शेतात गेलो. उन्हाने शिवार पांढरं पडलं होतं, वारा अजिबात नव्हता, तरी अंजनाची पानं हलत होती. "मी ऱ्हास उभा," म्हणत भटूने खोडाला पाठ लावली... उंची बापाची, ऐन उमेदीतल्या. त्याच्या खिशाशी मी बोट नेलं, तर ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात जुन्या रेघेवर पडलं.

खोडावरची खूण कधीच वर चढत नसते. झाड वाढतं शेंड्याला आणि जाडीला. रेघा वर गेल्याच नव्हत्या, नाना खाली आले होते. दरवर्षी थोडे वाकत, झिजत. त्यांच्याबरोबर माझी टेप बुंध्याच्या जाड भागाकडे उतरत गेली. नाना जेवढे कमी झाले, तेवढं झाड भरत गेलं... निदान माझ्या कागदांवर. आणि हे त्यांना माहीत होतं.

जुन्या रेघेवर टेप धरली. मग भटूला खरं ते सांगितलं, "सावलीतली बाजरी थोडी हलकी भरते, पण ओल टिकते, शेळ्यांना पाला मिळतो, ते सगळं बरोबर आहे. झाड मात्र फारसं वाढलेलं नाही. इतकी वर्षं मी नानांना मोजत होतो."

भटूचं लक्ष नव्हतं. तो बुंध्याकडे बघत होता. मुळांच्या जरा वर आणखी एक रेघ होती.

"हाई कोनी मारी?"

मी नव्हती मारली. त्यानेही नाही. नाना तर बाजरी निघायच्या आधीपासून धुळ्याला, लेकीकडे अंथरुणावर होते. पण रेघेच्या सुरुवातीला अंगठा दाबल्याचा तो जाड ठिपका होता, आणि तेल अजून चमकत होतं. इतक्या खाली कशाला, हे मला कळेना, म्हणून मी मूर्खासारखा तिथे मुळांशी आडवा झालो. रेघ थेट माझ्या खिशाला लागून आली. झोपवलेल्या माणसाच्या छातीची उंची... मी असा उठलो की एक चप्पल तिथेच राहिली. ती आणायला भटूला पाठवलं.

चप्पल माझ्या पुढ्यात ठेवून, पलीकडच्या बांधाकडे हात करत तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या झाड. ट्रॅक्टर मी तथाईन वळाई लिसू."

टेप आता ऑफिसच्या खणात आहे. तिच्यावर गेरूचा एक ठिपका आहे, अंगठ्याएवढा, पुसला की बोटाला लागतो. वरची रेघ कधीच सुकून दगड झालेली, आणि खालच्या रेघेला मी टेप लावलीच नव्हती.