पंखा, मालगाडी आणि दहाची मीटिंग

ऑफिसची जागा सुटली तेव्हा मला वाटलं, आता किस्से संपले. ते तयार व्हायचे चहाच्या वेळी, आणि आता चहा ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात. पण झालं भलतंच! पाच माणसं पाच घरांत बसली आणि प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचं अख्खं घर मीटिंगला यायला लागलं. हल्ली आमच्याकडे पाहुणे आले की नवरा आधीच सांगून ठेवतो, "हिला मीटिंगचं विचारू नका, पोहे गार होतील."

आमचं काम म्हणजे स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच बनवायचे. भोपाळच्या एमपी नगरात, कोचिंग क्लासच्या गर्दीत आमचा एक हॉल होता. मालक सक्सेना साहेब. गणित तपासायला पुराणिक सर, मूळचे ग्वाल्हेरचे. सामान्य ज्ञान आरतीकडे, कंप्युटरचं सगळं निखिलकडे, आणि छपाईची पानं लावायला मी. भाडं वाढलं तसा साहेबांनी हॉल सोडला आणि फर्मान काढलं, "सुबह दस बजे, सब लोग वीडियो पर!"

त्याच सुमारास पुराणिक सरांनी सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर ते येणार नाहीत. कारण विचारलं तर "आता वय झालं" एवढंच. साहेब दर वेळी टाळायचे, "दिवाली तो आने दीजिए." सरांसारखा चुका पकडणारा माणूस आम्हाला शोधून सापडला नसता. पण हॉलमधल्या मीटिंगांत ते अलीकडे तोंडच उघडत नसत, त्यामुळे त्यांचं मन उडालंय असंच सगळे धरून चालले होते.

*

पहिला किस्सा पंख्याचा. साहेब लॅपटॉप मांडीवर घेऊन आरामखुर्चीत बसायचे, त्यामुळे आम्हाला दिसायचं त्यांचं कपाळ आणि वर गरगरणारा पंखा. जवळजवळ महिनाभर आम्ही त्या पंख्याला कामाचा हिशेब दिला.

एक दिवस साहेबच रागावले. "कैमरा ठीक से रखिए भाई! आँख मिलाकर बात होनी चाहिए!"

आरती गंभीरपणे म्हणाली, "सर, हम तो रोज़ पंखे से मिला ही रहे हैं."

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात स्वतःला पाहिलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप टेबलावर, त्याखाली आमचेच न खपलेले प्रश्नसंच, आणि साहेबांचा चेहरा मधोमध. गंमत म्हणजे त्या दिवशी पुराणिक सर महिन्याभरात पहिल्यांदा बोलले. आम्हाला वाटलं, योगायोग.

*

आरती राहते अशोका गार्डनला, रेल्वे लाइनला लागून. ती बोलायला लागली की गाडी आलीच! सुरुवातीला ती बिचारी थांबायची, गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून सांगायची, तोवर दुसरी यायची.

मग ती शहाणी झाली. "सर, मालगाड़ी का सिग्नल हो गया है, उससे पहले बोल दूँ?" असं म्हणून कालचं काय झालं, आज काय करणार आणि अडलंय कुठे, एवढं सांगून मोकळी! नंतर खुशाल धडधडू दे गाडी. तिचं ऐकून आम्हीही तसंच बोलायला लागलो. गाडी नसली तरी गाडी यायच्या आत.

राहता राहिले साहेब. एकदा ते विक्री या विषयावर सुरू झाले ते थांबेनात. निखिलनं शेवटी हळूच विचारलं, "सर, आपके घर के पीछे भी एक पटरी बिछवा दें क्या?"

साहेब हसले, आणि चक्क थांबले.

*

निखिलचाही एक किस्सा आहे. सकाळी दहाला त्याचा नाश्ता. कॅमेरा बंद, माइक मात्र चालू. साहेब किमतीविषयी काही नाजूक बोलत होते आणि मधेच कुर्रम कुर्रम.

"ये कौन चबा रहा है?"

कोणी कबूल होईना. आम्ही सगळे तोंड मिटून सज्जनासारखे बसलो. तेवढ्यात आतून निखिलच्या आईचा खणखणीत नागपुरी आवाज आला, "निखिल, सेव अजून टाकू का रे? जिरावन मसाला संपला बरं!"

साहेब म्हणाले, "बेटा, हमारे लिए भी रखना." त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला, ज्याची पाळी त्याचाच माइक चालू. बाकीच्यांना बोलायचं असेल तर हात वर करायचा.

*

आता माझ्या सासूबाई. मी मीटिंगला बसले की त्या कॅमेऱ्यात दिसणार नाहीत पण स्क्रीन दिसेल अशा बेतानं भाजी निवडत बसतात. टीव्हीपेक्षा त्यांना हे आवडतं, कारण जाहिराती नाहीत! निखिलचं लग्न ठरवण्याचीही त्यांची मनातून तयारी आहे.

एकदा मीटिंग संपल्यावर म्हणाल्या, "मेधा, तुमच्या त्या पुराणिकांना ऐकू कमी येतं गं."

"काहीतरीच काय! ते तर आजकाल छान बोलतात."

"छानच बोलतात, पण समोरच्याच्या ओठांकडे बघत. मघाशी आरतीनं पदर तोंडाशी नेला तर हे भांबावले. माझे कान मंदावल्यापासून मी तेच करते आहे, मला नाही कळणार?"

मी सरांना फोन लावला. फोनवर ते पहिल्यांदा "हो हो" करत राहिले. मग मी व्हिडिओ कॉल केला, चेहरा नीट उजेडात धरला आणि सरळ विचारलं. सर म्हणाले,

"मशीन आहे माझ्याकडे. पण त्या हॉलमध्ये लावलं की पंखा ऐकू यायचा, रस्ता ऐकू यायचा, माणूस तेवढा नाही. तुम्ही चौघं एकदम बोलायचात. हसलात की मीही हसायचो, आणि विनोद काय होता याचा घरी जाऊन विचार करायचो. इथं कसं, एकेक जण बोलतो, तोंड समोर असतं, आवाज सरळ कानात येतो. साहेबांना सांगू नकोस मात्र."

मी साहेबांना काही सांगितलं नाही. पण सरांना विचारून आरतीला आणि निखिलला सांगितलं. निखिलनं गाजावाजा न करता एक कल्पना काढली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो पुराणिक सरांना म्हणाला, "सर, मीटिंग आप चलाइए ना. सबसे सीनियर आप ही हैं."

साहेबांनाही पटलं. आणि सरांनी ती काय चालवली! मास्तरच ते. हात वर केल्याशिवाय कोणाला बोलू द्यायचे नाहीत. बोलणाऱ्याचं तोंड अंधारात असलं तर, "आधी खिडकी उघडा." ठरलेलं शेवटी स्वतः वाचून दाखवायचे. मीटिंग चहा गार व्हायच्या आत संपायला लागली. वर एका संचात त्यांनी इतकी चुकीची उत्तरं पकडली की साहेबांनी छापखान्याला रोखलं. दिवाळी जवळ आली होती, पण जाण्याचा विषय सर काढत नव्हते.

*

साहेबांनी मात्र दुसराच विषय काढला. "खुशखबर! हबीबगंज स्टेशन के पास जगह मिल गई है. पार्टी आती है तो कहाँ बिठाएँ? दिवाली के बाद सब ऑफिस!"

आरतीनं टाळी वाजवली आणि अर्ध्यात थांबली. सरांचा चेहरा तिलाही दिसला होता.

सरांनी स्वतःच हात वर केला. "साहब, मैं नहीं आऊँगा. मैंने पहले ही कहा था."

"अरे, उम्र की बात छोड़िए पुराणिकजी."

"उम्र की बात नहीं है. सुनाई नहीं देता मुझे. वहाँ सब एक साथ बोलते हैं. यहाँ मैं काम करता हूँ, वहाँ सिर्फ़ बैठता हूँ."

साहेब फक्त "अच्छा" म्हणाले आणि मीटिंगमधून निघून गेले. मी सासूबाईंना म्हटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "त्या साहेबानं पंखा सोडून चेहरा दाखवलाच ना? बघू या."

*

दिवाळीनंतर नव्या जागेत पूजा होती. सर नारळाला तेवढे आले होते, निरोप घ्यायच्या तयारीनं. देवाची आरती झाली, प्रसाद झाला, आणि साहेब म्हणाले, "दस बज गए. मीटिंग."

एकच गोल टेबल, भोवती पाच खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीसमोर लॅपटॉप आणि हेडफोन! निखिल खाली मान घालून गालात हसत होता. सर दारातच उभे राहिले. साहेबांनी त्यांची खुर्ची ओढून दिली, आपल्या जागेवर जाऊन हेडफोन चढवला, कॅमेरा चेहऱ्यासमोर सरळ केला आणि हात वर करून बसले.

सर बसले. चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले, "हाँ, सक्सेनाजी. बोलिए."

साहेबांनी माइक चालू केला आणि सुरुवात केली. एवढ्यात जागेचे मालक डोकावले. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो आणि एकमेकांशी स्क्रीनमधून बोलतोय, हे त्यांनी पाहिलं.

"भाईसाहब, पंखा-वंखा तो ठीक चल रहा है ना? और ये सब क्या है? इतने पास बैठे हैं, सीधे ही बोल लीजिए!"

साहेबांनी हेडफोन न काढता एक बोट वर केलं.

"पहले हाथ उठाइए. पुराणिकजी बुलाएँगे, तब बोलिए."

मालकांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बावरून हात वर केला. सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत शांतपणे न्याहाळलं.

"हाँ, आप. बोलिए. ज़रा उजाले में आकर."