एकोडीचा मंगेश आणि टॉवरचा दिवा

टॉवरने लाल दिवा दाखवला होता, आणि मंगेश खुशाल विमान खाली घेत होता.

"कोणता दिवा?" मी विचारलं.

"हिरवा, सर. उतरा म्हणते."

मी कंट्रोल हातात घेतला, पॉवर दिली आणि विमान वर उचललं. तेव्हा मी जे ओरडलो, ते ऐकून माझ्या गावचा, अड्याळचा बाजार उठला असेल.

विमानाचा रेडिओ बंद पडला की टॉवर दिव्याने बोलतो. हिरवा म्हणजे उतरा, लाल म्हणजे चक्कर मारत राहा. त्याचाच सराव चालला होता.

मी इतक्यांना उडायला शिकवलंय की तलावावरचे बगळेही मला सर म्हणतात. पण एकोडीच्या या धानवाल्याच्या पोरासारखा हात दुसरा पाहिला नाही. तो लँडिंग करायचा तेव्हा माझी डुलकी मोडत नसे.

मी रेडिओ चालू केला, टॉवरला कळवलं आणि विमान एकोडीवर नेलं. खाली भाताच्या बांध्यांत लवकर येणारा हलका धान पिकून पिवळा झालेला, उशिरा येणारा भारी धान अजून हिरवागार.

"कोणत्या बांध्या कापाले आल्या, सांग."

तो हसला. मग बराच वेळ खाली पाहत राहिला.

"मजूर दिसले असते त सांगतलं असतं, सर."

खाली उतरल्यावर विचारलं, पायलटची मेडिकल तपासणी कशी पास झालास? त्याने बॅगेतून माझाच गठ्ठा काढला. हवामान, रेडिओवरची भाषा, जुने प्रश्न, सगळ्याच्या झेरॉक्स मी प्रत्येक विद्यार्थ्याला देतो. शेवटी रंगीत ठिपक्यांची पानं. ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, डॉक्टर तो वाचायला लावतात. माझा एकही विद्यार्थी मेडिकलला अडकत नाही, अशी बढाई होती माझी. म्हणून प्रत्येक पानाखाली मीच पेन्सिलने उत्तर लिहिलं होतं.

"तुमीच म्हणले होते, पाठ करा," मंगेश म्हणाला.

म्हणजे त्याला लाल-हिरवा वेगळा दिसतच नव्हता, आणि पास केलं होतं माझ्या पेन्सिलीने.

मग तो हळूच बोलला, "रेडिओ कधी बंद पडते, सर? रिपोर्ट नोका लिहू न."

मलाही तसंच वाटत होतं. पण ज्या दिवशी रेडिओ बंद पडेल, त्या दिवशी मागे माणसं बसलेली असतील. मी रिपोर्ट लिहिला. त्याची दुसऱ्यांदा तपासणी झाली, या वेळी वेगळ्या पद्धतीने. उडणं बंद झालं. जाताना त्याने गठ्ठा नीट बांधून माझ्या टेबलावर ठेवला. एकही पान दुमडलेलं नव्हतं.

ती ठिपक्यांची पानं मी फाडून टाकली. आता नवीन पोरगं आलं की गठ्ठा नंतर देतो. आधी लांब उभा राहून रंगीत टॉर्च दाखवतो.

एकोडीवरून अजून जातो. मंगेशचा बाप पहिल्यापासून विमान दिसलं की शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून दुपट्टा हलवायचा. अजून हलवतो. पोराने घरी काय सांगितलं, मी विचारलेलं नाही. मी पंख डोलावतो आणि पुढे निघतो.