उन्हातली राखण

दोन हजार सालच्या सुमारास मी मालवणात भाड्याने राहायचो. कामावर जाता-येता किनाऱ्यावर एक म्हातारी दिसे. जुन्या जाळ्यावर बांगडे सुकत घातलेले, आणि शेजारी ती, कावळे हाकायची काठी घेऊन भर उन्हात बसलेली. बाकीच्या बाया बांगडे उलटून ठेवून जेवायला घरी जात, मग पुन्हा येत. ही जागची हलत नसे.

एकदा न राहवून म्हणालो, "आजी, जरा सावलीत तरी बसा."

"नको रे झिला. हयसून उठलंय काय इसारतलंय. मगे बांगडे तसेच रवतले."

मला तिची युक्ती फार आवडली. आठवणीचा भरवसा नाही ना, मग कामाला चिकटूनच बसायचं! घरी बायकोलाही मी कौतुकाने सांगितलं.

शिमगा झाल्यावर एका दुपारी पाहतो तर जाळ्यावर कावळेच कावळे. बांगडे ओढून नेत होते. ती तिथेच बसलेली, काठी मांडीवर. मी धावत जाऊन कावळे उठवले आणि तिच्यावरच खेकसलो, "अहो आजी, काठी उचला की!"

तिने काठीकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हयसून उठूचा नाय," ती हळूच म्हणाली. "माका तेवढाच आठवता."