बाबांचा चिनी वीर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरात गोष्टी रंगवून सांगणारी मी – डेअरीतून दूध आणलं तरी अर्धा तास कथा करते – पण ही एक नेहमी गिळली.

माझे बाबा पुण्यात चित्रकलेचे शिक्षक होते. मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा भिंतीवरचं त्यांचं लाडकं जपानी चित्र उतरवून त्यांनी माझ्या बॅगेत ठेवलं. लाकडी ठशांनी छापलेलं. चिनी लोककथांमधला, भुतं पळवणारा वीर – रानटी दाढी, वटारलेले डोळे, हातात तलवार. "परक्या गावात राखण करेल गं," म्हणाले.

इथे न्यूझीलंडमध्ये, रोटोटुनाच्या घरात तो आठवडाभर टिकला. "आई, ही'ज हीप्स स्केअरी!" म्हणत लेक घाबरून रडली आणि वीर गेला गराजमध्ये. मग दर रविवारी व्हिडिओ कॉलआधी मी त्याला सोफ्यामागे टांगायचे, कॉल संपला की परत गराज. बाबा खूश. हसू येतंय ना? मलाही यायचं.

एका ओल्या हिवाळ्यानंतर बघते तर – बुरशीनं त्याचा चेहरा खाल्लेला. सांगायचं ना तेव्हाच? मी जुन्या फोटोवरून दुकानात गुळगुळीत प्रिंट काढली आणि त्याच फ्रेममध्ये घातली. स्क्रीनवर बाबांना काय कळणार?

पण बाबा म्हणाले, मी येतो. आल्या आल्या ते चित्र काढून हातात घेणार, कागदाच्या पाठीवर बोट फिरवणार – ठशाचा दाब तिथे लागतो, मला त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी – कसं लिहू हे? – त्यांना येऊच दिलं नाही. आधी थंडी, मग लेकीच्या परीक्षा, मग "एवढा प्रवास झेपेल का तुम्हाला?" ते म्हणायचे, "बरं बाळा, पुढच्या वर्षी." अशी चार वर्षं. ते रागावले असते? छे, पोट धरून हसले असते. मला हे तेव्हाही माहीत होतं.

आता दुपारी सोफ्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत बसते. त्यांनी तिथे पाय वर घेऊन बसावं, इथल्या चहाला नावं ठेवावीत – एकदाच.

ते गेल्यावर पुण्याला त्यांचं कपाट आवरताना नवा पासपोर्ट निघाला. सगळी पानं कोरी. भाऊ म्हणाला, "बाबांना प्रवासाचा कंटाळाच होता, नाही?"

मी "हो" म्हणाले.