टूनी लपवणारा हात

मी चौथीपर्यंत शिकले. सजवून लिहिता येत नाही, जे झालं ते सांगते.

कॅनडात, स्कारबरोत अकराव्या मजल्यावर माझा लहानसा भाड्याचा फ्लॅट आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच राहते. मुलगा, सून आणि नात गाडीने तासाभरावर, मिल्टनला असतात. त्यांच्या बेसमेंटमध्ये माझ्यासाठी एक खोली तयार आहे. खोली चांगली आहे, पण मला तिथे राहायचं नाही. मिल्टनला गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि मला गाडी चालवता येत नाही. इथे बस दाराशी येते, भेंडी-कोथिंबीर चालत जाऊन आणता येते, आणि कुठे निघालीस म्हणून कुणी विचारत नाही. मिल्टनला मी म्हणजे कुणीतरी उचलून इकडून तिकडे ठेवायचं पार्सल.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते या फ्लॅटसाठी केलं.

दर बुधवारी आमच्या लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांचा कार्यक्रम असतो. कॉफी मिळते. विणकामाच्या टेबलावर सगळ्या बायका सुनांबद्दल बोलायच्या. मला विणकाम येत नाही आणि माझी सून बरी आहे. म्हणून मी शेजारच्या टेबलावर जाऊन बसले. तिथे एक निवृत्त पंजाबी ट्रक ड्रायव्हर नाण्यांची जादू शिकवायचा.

"बहनजी, पहले एक ही सीखो," तो म्हणाला. "एक पक्का हो गया, तो बाकी सब अपने आप."

जादू दिसायला सोपी. दोन डॉलरचं नाणं, इथे त्याला टूनी म्हणतात, उजव्या हाताच्या बोटांवर धरायचं. डाव्या हाताने ते घेतल्यासारखं करायचं, पण घ्यायचं नाही. डावी मूठ बंद करून पुढे न्यायची. लोकांना वाटतं नाणं डाव्या मुठीत गेलं. ते असतं उजव्या हातात, दुमडलेल्या बोटांत. मग डावी मूठ उघडायची, आत काही नाही.

मी उजव्या हाताकडे बघत राहायचे. तो वैतागायचा.

"उधर क्या देख रही हो? जिधर आप देखोगी, उधर ही लोग देखेंगे. और ये राइट हँड ढीला छोडो. जैसे सो गया हो."

घरी मी पलंगाशी उभी राहून सराव करायचे. नाणं पडलं तर गादीवर पडतं, खाली वाकावं लागत नाही. शंभरदा पडलं असेल. दिवाळीपर्यंत मला ते नीट यायला लागलं. या वयात एखादी नवी गोष्ट हाताला येते याची मला मजा वाटली, हे कबूल करते.

आणि दिवाळीनंतर तोच हात थरथरायला लागला.

कामात असला की हात शांत असायचा. कणीक मळताना, पोळी लाटताना काही नाही. मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागायचे, गोळी वळत असल्यासारखे. जादूत तर तोच हात सैल सोडायचा होता. आत टूनी, आणि हात थरथरतोय. आंधळ्यालाही कळलं असतं.

बुधवारी पंजाब्याने बघितलं.

जानेवारीत मुलगा घरी आला तेव्हा मी मांडीवर पेपर पसरून वाचत होते. वर टेकलेल्या हाताने पान फडफडत होतं.

"आई, हात का हलतोय?"

"थंडी आहे."

"हीटिंग फुल आहे इथे."

"मग म्हातारपण आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "आई, हे जर काही असेल ना, तर एकटं राहणं बंद. गॅसपाशी उभी असतेस, आंघोळीला जातेस, तू पडलीस तर मला कळणार कसं? फ्लॅट सोडायचा तर दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. मी देऊन टाकतो."

"काही नाहीये."

"बघतो मी," तो म्हणाला.

तो खरंच बघायला लागला. जेवताना, चहा घेताना, नातीशी बोलताना. मी हात कामात ठेवायचे. लसूण सोलायचे, कपडे घडी करायचे, काही नसलं तर पर्स धरायचे. त्यांच्याकडे गेले की निघेपर्यंत खांदे दुखायचे.

मार्चमध्ये नातीचा नववा वाढदिवस आला. सुनेने दहा घरं बोलावली होती, पुण्या-नागपूरची, सगळी कॉम्प्युटरवाली. मी जादू शिकतेय हे घरी माहीत होतं. तिने मला न विचारता सगळ्यांना सांगून टाकलं की आई मॅजिक करणार.

नाही म्हणाले असते तर मुलाने कारण विचारलं असतं. मी हो म्हणाले. मग पलंगाशी उभी राहून सैल सोडलेल्या हाताला काय काम द्यायचं ते शोधलं. साडी नेसून बघितली. उजव्या हाताने पदराचा काठ धरला, तर हात शांत राहतो. पदर धरून उभ्या असलेल्या म्हातारीकडे बघून कुणाला काही वाटत नाही.

वाढदिवसाला गेले तर सुनेने माझ्यासाठी नवा कुर्ता काढून ठेवलेला.

"आई, हा घाला ना आज. तुमच्यासाठीच आणलाय."

"साडीच बरी."

"अहो, जिन्यात पायात येईल. घालून तर बघा."

"नको म्हटलं ना."

तिचा चेहरा पडला. बिचारीची काही चूक नव्हती.

दुपारी केक कापून झाला आणि सगळे बेसमेंटमध्ये जमले. मुलं खाली बसली, मोठी माणसं मागे. मुलगा जिन्यापाशी हाताची घडी घालून उभा होता. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. तो हातांकडे बघत होता.

मी टूनी दाखवली. नातीच्या हातात देऊन परत घेतली. उजव्या हाताच्या बोटांवर धरली आणि डावा हात पुढे आणला, तेवढ्यात अंगठा उडाला. टूनी फरशीवर आपटली, घरंगळली आणि माझ्या पायाला लागून थांबली.

"आजी, यू ड्रॉप्ड इट!" नात ओरडली.

कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. मुलाने हाताची घडी सोडली आणि एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, गेला फ्लॅट.

मी वाकले, टूनी उचलली. पैशाला पाय लागला होता. गादीवर सराव केला, त्यात असं कधी झालं नव्हतं. काही ठरवायच्या आत हात आपोआप वर गेला आणि टूनी कपाळाला लागली, मग दोन्ही डोळ्यांना. लहानपणापासूनची सवय, ती काय कॅनडात जाते?

डोळ्यांवरून हात खाली आणताना मी समोर बघितलं. माझ्या हाताकडे कुणीही बघत नव्हतं. नागपूरच्या एका बाईने स्वतःच्या छातीला बोटं लावली. एकाने मान खाली घातली. नमस्कार करणाऱ्या माणसाकडे आपली माणसं टक लावून बघत नाहीत. मुलानेही नजर खाली घेतली होती.

तेवढ्यात मी ते उरकलं. दोन्ही हात जोडल्यासारखे खाली आले, डाव्याने घेतल्यासारखं केलं, मूठ पुढे गेली, उजवा हात पदराला जाऊन चिकटला. मी डाव्या मुठीकडे बघितलं आणि नातीला म्हणाले, "फुंकर मार."

तिने मारली. मूठ उघडली. आत काही नाही.

"व्हेअर इज इट? आजी, व्हेअर?"

मी तिच्या कानामागून टूनी काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "काकू, नाणं मुद्दाम पाडलंत ना? काय ॲक्टिंग!" मी म्हणाले, "मग काय."

संध्याकाळी मुलगा मला सोडायला निघाला. हायवेला लागल्यावर म्हणाला, "आई, सॉरी. मी उगाच तुझ्या मागे लागलो. हात एकदम स्टेडी आहे तुझा. नोटीसचं विसर." पुढे म्हणाला, "दोन महिने झोप लागली नाही गं नीट."

माझा उजवा हात पर्सखाली होता. आता गप्प बसले की फ्लॅट माझा होता. पंधरा-वीस मिनिटं मी गप्पच बसले. तो गाणं गुणगुणत होता. बेसमेंटमधल्या लोकांना माहीत होतं की म्हातारी फसवणार आहे, आणि ते त्यासाठीच बसले होते. याला माहीत नव्हतं. आणि मी बाथरूममध्ये पडले असते तर दार याला उघडायला लागलं असतं.

मी पर्स उचलून पायाशी ठेवली आणि उजवा हात मांडीवर तसाच मोकळा सोडला.

"इकडे बघ," मी म्हणाले.

त्याने बघितलं. पुढच्या एक्झिटला गाडी खाली घेतली आणि एका कॉफीच्या दुकानासमोर थांबवली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मगाशी?"

"मगाशी फसवलं. तुलाच."

त्याने गाडी बंद केली. मग म्हणाला, "तू इम्पॉसिबल आहेस."

"असेन. डॉक्टरकडे ने. तो सांगेल ते करीन. पण नोटीस तू द्यायची नाहीस."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. कंपवात निघाला, सुरुवातीचा. गोळ्या चालू झाल्या. आमचं चार दिवस भांडण चाललं, फोनवर आणि समोरासमोर. शेवटी त्याने नोटिशीचा फॉर्म भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. तारखेची जागा कोरी होती.

"सही कर," तो म्हणाला. "तारीख तू घाल. पण खरी वेळ आली की घालायची, आई. मला फसवायचं नाही."

मी सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं, वाचता येतं. फॉर्म माझ्या कपाटात आहे. तारीख अजून घातलेली नाही.