जानकीरामदादाची जीभ

आमच्या जानकीरामदादाची जीभ म्हणजे मोठं प्रस्थ! तंजावरच्या राजवाड्यात पाणी चाखून मगच आत पाठवायचं, हे काम आमच्या घराण्याकडे होतं. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि आम्ही कुंभकोणमला येऊन राहिलो. दादाची ऐट मात्र तीच, सुंभ जळला तरी पीळ जाईना. कावेरीचं पाणी ओंजळीत घेऊन हा घाटाचं नाव सांगायचा. चुकला तर ऐकणाऱ्यालाच अडाणी ठरवायचा.

मी त्याची धाकटी बहीण, पंकजा. नवरा गेला तेव्हा माझ्या पदरात तीन पोरं आणि नदीच्या मुखाजवळचं एक भातशेत. तिथं भरतीला समुद्राचं पाणी नदीत चढतं. म्हणून कालव्याच्या तोंडाशी लाकडी दार आहे. पाणी गोडं असलं की उघडायचं, खारं झालं की पाडायचं. रोज पाणी चाखून वहीत लिहायला माणूस हवा होता. मीच मूर्ख! इंजिनेर साहेबाच्या कचेरीत दादाचं नाव मीच सुचवलं. म्हटलं, घरचा माणूस असला म्हणजे माझं शेत सुखरूप राहील.

दादा फेटा बांधून गेला. सोवळं, पळी-पंचपात्र, पंचांग, सगळा संसार बरोबर. पण आमच्या घरचा एक नेम होता: अमावास्या-पौर्णिमेला जिभेला मीठ लावायचं नाही. मग पाणी खारं निघालं तर? नकोच ती भानगड! त्या दोन दिवशी हा शहाणा न चाखताच आदल्या दिवसाचं उतरवून ठेवी, 'पाणी गोडं'. आणि समुद्र नेमका त्याच दिवसांत सगळ्यांत वर चढतो. हे तिथल्या कोळ्यांच्या कोंबड्यांनाही ठाऊक.

पाऊस बरा होता तोवर नदीनं त्याची लाज राखली. त्या वर्षी पाऊस आखडला, पौषात नदीची धार करंगळीएवढी झाली. लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, दाणा अजून भरायचा होता; अशा वेळी एका दिवसाचं खारं पाणीही पीक मारायला पुरतं. अमावास्येच्या सकाळी माझं शेत करणारी अलमेलु धावत दादाकडे गेली.

"अय्या," तिकडे मालकाला असंच म्हणतात, "दार पाडा! पाणी खारं झालंय, मी पिऊन बघितलं."

दादा पितरांना तिळोदक देत होता. "तुझी जीभ काय आणि माझी जीभ काय!" म्हणाला. दाराच्या कुलपाची किल्ली त्याच्याच कमरेला. ती बिचारी काय करणार?

आठवड्यानं मी बैलगाडीनं पोचले. लोंब्या पांढऱ्याफटक, चिमटीत धरून पाहिलं तर आत काही नाही. अलमेलु बांधावर बसून रडत होती. साहेबानं येऊन वही पाहिली. ओळीनं गोडं, गोडं, गोडं. म्हणजे शेत जळलं ते शेताच्याच चुकीनं! दादाची नोकरी कायम राहिली.

पुढच्या महिन्यात रजेवर आला आणि बेशरमासारखा माझ्या ओसरीवर टेकला.

"माझाही नाइलाज होता गं. नेम मोडला असता तर पितर काय म्हणाले असते?"

माझी तिन्ही पोरं दारात उभी होती.

"पितर एक दिवस रागावले असते, दादा," मी म्हटलं. "ही वर्षभर उपाशी राहणार आहेत."